पवनचक्कीसाठी जमीन देताना : वाऱ्याचा हक्क आणि कराराचा कायदा

सह्याद्रीच्या माथ्यावरील माळराने पिढ्यान्‌पिढ्या हलकी जमीन म्हणूनच ओळखली गेली. माती उथळ, मुरूम वर आलेला, पाणी टिकत नाही आणि पावसाळ्यातील वाऱ्यापुढे पीक उभे राहत नाही, अशी या जमिनीची ख्याती. महसुली आकारही त्याच मानाने बेताचा. परंतु ज्या वाऱ्यामुळे येथे शेती करणे कठीण झाले, त्याच वाऱ्याला आता मोल आले आहे. १९८६ च्या सुमारास देशात वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचे जे पहिले प्रयोग झाले, त्यांत गुजरातेतील ओखा व तामिळनाडूतील तुतिकोरीन यांबरोबर आपल्याकडील रत्नागिरीचाही समावेश होता. पुढे सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी येथील पठारांवर, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात, तसेच सांगली, अहिल्यानगर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांतही पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

अशा गावी प्रथम वारा मोजणारा एक उंच खांब उभा राहतो. त्यानंतर काही दिवसांनी कंपनीचा प्रतिनिधी अथवा एखादा मध्यस्थ छापील कागद घेऊन शेतकऱ्याच्या दारी येतो. त्या कागदावर केलेली सही पंचवीस-तीस वर्षे बांधून ठेवते. पन्नाशीला आलेल्या खातेदाराने आज केलेल्या कराराचा शेवट बहुधा त्याच्या मुलाला किंवा नातवाला पाहावा लागतो. यास्तव त्या कागदाचा अर्थ काय, कायदा शेतकऱ्याचे रक्षण कोठे करतो आणि कोठे करीत नाही, याची माहिती शेतकरी बांधवांना व त्यांना सल्ला देणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे अगत्याचे आहे.

वारा कोणाच्या मालकीचा?

जमिनीला मालक असतो, तिच्यातील विहिरीला व झाडाला मालक असतो; वाऱ्याला मात्र मालक नाही. तो एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जातो आणि कोणाच्याही बांधाशी थांबत नाही. आपल्या देशात ‘वाऱ्याचा हक्क’ असा स्वतंत्र हक्क निर्माण करणारा कायदा अद्याप झालेला नाही. शेतकऱ्याच्या हाती असते ती जमीन, त्या जमिनीवर मनोरा उभारू द्यावयाचा की नाही हे ठरविण्याचा अधिकार आणि तिच्यावरील मोकळ्या जागेचा उपभोग. कंपनी जे पैसे देते ते वाऱ्याबद्दल देत नसून या अधिकाराबद्दल देते.

या बाबतीत १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखाद्या इमारतीच्या खिडकीतून वीस वर्षे अखंडपणे येणारा उजेड व हवा यांवर त्या इमारतीच्या मालकाचा हक्क त्या कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे निर्माण होऊ शकतो. परंतु १७ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, मोकळ्या जागेवर येणाऱ्या उजेडाचा वा हवेचा हक्क अशा वहिवाटीने मिळत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, शेजारच्या माळावर पवनचक्की वीस वर्षे फिरत राहिली, तरी केवळ तेवढ्याने कंपनीला ‘तुमच्या शेतात उंच झाडे लावू नका’ अथवा ‘घर बांधू नका’ असे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. तसा अधिकार तिला हवा असेल तर तो लेखी करारानेच घ्यावा लागेल आणि त्याचा मोबदलाही द्यावा लागेल.

याउलट जे शेतकऱ्याला हवे आहे, तेही करारातच लिहून घ्यावे लागते. अमेरिकेतील साउथ डाकोटा या शेतीप्रधान राज्याने यासाठी कायदाच केला आहे. तेथे वाऱ्यापासून ऊर्जा मिळविण्याचा हक्क जमिनीपासून कायमचा तोडून विकता येत नाही. तो पन्नास वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्यानेही देता येत नाही आणि पाच वर्षांच्या आत विकासाचे काम झाले नाही तर तो करार रद्द समजला जातो. आपल्याकडे असे तयार संरक्षण नाही. येथे कंपनी व शेतकरी यांच्यातील संबंध मालमत्ता हस्तांतरण, नोंदणी, जमीन महसूल व कुळवहिवाट यांविषयीच्या सामान्य कायद्यांनी आणि मुख्यतः करारातील शब्दांनी ठरतात. म्हणून जी गोष्ट कायदा लिहून देत नाही, ती शेतकऱ्याने करारात लिहून घेतली पाहिजे.

माळाचे मोल कशावरून ठरते?

सौदा करताना आपल्या हातात काय आहे हे ठाऊक असावे. वाऱ्याचा वेग वाढला की त्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यापेक्षा ७ मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे ५९ टक्के अधिक शक्ती असते. यामुळेच पठाराच्या कडेवरील एक एकर आणि तेथून थोड्या अंतरावर खोलगट भागातील एक एकर यांचे मोल कंपनीच्या दृष्टीने अगदी भिन्न असते. शेतकऱ्याने मात्र सात-बारावरील आकार किंवा ज्वारी-बाजरीचे उत्पन्न पाहून भाव सांगितला, तर तो भाव त्या व्यवहाराला लागूच पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे एका चक्कीमागे वाऱ्याचा जोर कमी होतो. यासाठी वाऱ्याच्या दिशेने दोन चक्क्यांत पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या कित्येक पट अंतर सोडावे लागते. व्यास १२० मीटर असेल आणि पाचपट अंतर धरले, तर ते ६०० मीटर भरते. अर्थात मनोरा एकाच्या शेतात उभा राहतो. पण त्यासाठी मोकळी राहणारी जागा अनेकांची असते. मोबदला मात्र सर्वसाधारणपणे मनोऱ्याच्या मालकाला मिळतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याला रस्ता व तारा येतात. गावातील भाऊबंदकीचे व तंट्यांचे मूळ पुष्कळदा येथे असते. एका शिवारातील शेतकऱ्यांनी एकत्र बसून, मनोरा, रस्ता, तारा व मोकळी जागा या प्रत्येकाबद्दल काय मागावयाचे हे आधीच ठरविले, तर सर्वांचेच हित साधते.

कराराचे प्रकार

कंपनी जे कागद पुढे करते ते सर्व एका स्वरूपाचे नसतात. त्यांतील भेद पुढीलप्रमाणे आहेत.

१) खरेदीखत. यात जमीन कायमची जाते. रक्कम एकदाच व एकत्र मिळते. पुढील वर्षांच्या उत्पन्नाशी विकणाऱ्याचा संबंध राहत नाही.

२) भाडेपट्टा. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडे राहते व ठरलेल्या मुदतीसाठी उपभोग कंपनीकडे जातो. मनोऱ्याचा पाया, यारी उभी करण्याचा ओटा व रस्ता एवढी जागा सोडली तर बाकीच्या जमिनीत पीक घेता येते. परंतु तसे करारात स्पष्टपणे लिहिलेले असावे. ‘संपूर्ण गट भाड्याने दिला’ असे लिहून ठेवल्यास स्वतःच्याच शेतात नांगर घालण्यासाठी परवानगी मागावी लागेल.

३) पूर्वकरार. वारा मोजून पाहावा, मग जमीन घ्यावी की नाही हे ठरवावे, यासाठी कंपनी अल्प रक्कम देऊन जमीन अडवून ठेवते. त्या काळात ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही. या कराराची मुदत लहान असावी, मुदतवाढ शेतकऱ्याच्या लेखी संमतीशिवाय होऊ नये आणि मुदतीत काम सुरू न झाल्यास जमीन आपोआप मोकळी व्हावी. साउथ डाकोटाच्या कायद्याने जे काम पाच वर्षांच्या अटीने साधले, ते येथे या एका कलमाने साधता येते.

४) वाटेचा अथवा तारांचा हक्क. यात जमिनीचा ताबा न देता केवळ रस्ता नेण्यास, केबल पुरण्यास किंवा तार ओढण्यास संमती दिली जाते. अशा हक्काची रुंदी, लांबी व जागा नकाशावर दाखविलेली असावी. ‘गटातून कोठूनही’ असे शब्द असलेल्या कागदावर सही करू नये.

५) मुखत्यारपत्र. हा सर्वांत जपून हाताळावयाचा कागद होय. मध्यस्थाच्या नावे सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र करून दिले म्हणजे पुढील सर्व करार शेतकऱ्याच्या नावाने, पण त्याच्या अपरोक्ष होऊ शकतात. मोजणी अथवा अर्ज करणे अशा एखाद्या ठरावीक कामापुरते व ठरावीक मुदतीपुरते दिलेले पत्र निराळे आणि जमीन देण्या-घेण्याचे सर्वाधिकार निराळे, हा भेद ओळखावा.

सहीपूर्वी जमिनीचे कागद

करार करणाऱ्याला करार करण्याचा अधिकार आहे की नाही, हे प्रथम पाहावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जमीन भोगवटादार वर्ग १ ची असेल तर हस्तांतरणास सामान्यतः अडचण येत नाही. वर्ग २ ची असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय ती देता येत नाही. इनाम व वतनाच्या जमिनी, शासनाने वाटप केलेल्या जमिनी आणि कुळकायद्याने मिळालेल्या जमिनी यांवरील शर्ती सात-बाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात दिसतात. त्या वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

आदिवासी खातेदाराच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे आणि तो तसा असणे योग्यच आहे. संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विक्री, भाडेपट्टा, गहाण अथवा अन्य कोणत्याही प्रकारे देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यास वा गहाणास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. त्याहून दीर्घ भाडेपट्टा किंवा विक्री असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीस राज्यशासनाची पूर्वमान्यताही लागते. पवनचक्कीचा करार पाच वर्षांत कधीच संपत नाही. म्हणून धुळे-नंदुरबारसारख्या भागात ‘सध्या पाच वर्षांचे करू, पुढे आपोआप वाढेल’ असे कोणी सांगितले, तर ती कायद्याला दिलेली बगल आहे असे समजावे.

पश्चिम महाराष्ट्रास लागू असलेल्या १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगर-शेतकऱ्यास विकण्यास अथवा भाड्याने देण्यास मनाई आहे. खऱ्याखुऱ्या औद्योगिक उपयोगासाठी कलम ६३-१अ अन्वये काही अटींवर सवलत दिलेली आहे. मराठवाड्यास १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा व विदर्भास १९५८ चा कायदा लागू आहे, हे तेथील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. रस्त्यापुरती एखादी अरुंद पट्टी विकावयाची असेल, तर १९४७ पासून अमलात असलेल्या तुकडेबंदीच्या कायद्याचाही विचार करावा लागतो.

वारसांचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. सात-बारावर केवळ भावांची नावे असली, तरी वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचा हक्क संपत नाही. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात तो अधिक स्पष्ट केला. बहिणींना वगळून केलेला करार पुढे न्यायालयात अडकतो, मोबदला थांबतो आणि घरातील माणसे एकमेकांस दुरावतात. भाड्यातील वाटा प्रत्येक हिस्सेदाराच्या बँक खात्यावर परस्पर जमा करण्याचे कलम घातले, तर हा तंटा पुष्कळ अंशी टळतो. जमिनीवर सोसायटीचा वा बँकेचा बोजा असेल, तर त्या संस्थेची लेखी संमतीही घ्यावी लागते.

मोबदल्याचे कलम

मोबदल्याच्या आकड्याकडे सर्वांचे लक्ष जाते. पण तो कसा वाढावयाचा याकडे फारसे कोणी पाहत नाही. उदाहरणादाखल वार्षिक भाडे १०,००० रुपये धरू. त्यात दरवर्षी चक्रवाढीने ५ टक्के वाढ असेल, तर पंचविसाव्या वर्षी ते सुमारे ३२,२५० रुपये होते. तीच ५ टक्के वाढ दर तीन वर्षांनी धरली, तर पंचविसाव्या वर्षी भाडे सुमारे १४,७७५ रुपयेच राहते. दोन्ही करारांत ‘पाच टक्के वाढ’ हेच शब्द दिसतात. परंतु शेवटच्या वर्षी पदरात पडणाऱ्या रकमेत दुपटीहून अधिक अंतर पडते. वाढ मुळीच लिहिली नसेल, तर आज भरघोस वाटणारी रक्कम काही वर्षांनी नावापुरतीच उरते.

काही ठिकाणी निर्माण होणाऱ्या विजेवर वाटा मागता येतो. त्याचा हिशेब कठीण नाही. २ मेगावॅटची चक्की तिच्या पूर्ण क्षमतेच्या सरासरी २५ टक्के चालली असे धरल्यास वर्षाला ४३,८०,००० युनिट वीज तयार होते. युनिटमागे केवळ एक पैसा मागितला, तरी वर्षाचे ४३,८०० रुपये होतात. असा वाटा ठरल्यास मीटरवरील मासिक आकडे शेतकऱ्याला लेखी कळविण्याचे कलम हवे आणि कमीत कमी मिळावयाची रक्कमही निश्चित असावी.

भाडे कोणत्या तारखेस द्यावयाचे, उशीर झाल्यास व्याज किती आणि किती काळ थकल्यास करार रद्द करता येईल, हेही लिहावे. जमिनीच्या बिगरशेती वापरामुळे जे शुल्क व कर लागतील ते कंपनीने भरावयाचे आहेत असे नमूद करावे. पवनचक्कीचे भाडे हे प्राप्तिकराच्या दृष्टीने शेतीचे उत्पन्न ठरत नाही, याचीही जाणीव ठेवावी.

शेतीचे नुकसान होऊ नये म्हणून

कराराचा मसुदा बहुधा कंपनीच्या कचेरीत तयार होतो. त्यात यंत्राची काळजी असते, शेताची नसते. ती शेतकऱ्याने घालावयाची आहे. चक्कीची पाती व मनोऱ्याचे भाग आणण्यासाठी अवजड वाहने येतात. त्यांच्या चाकांखाली जमीन दबून कठीण होते, ताली व बांध फुटतात, ओघळ बुजतात आणि पुढच्या पावसात पाणी भलत्याच शेतात शिरते. म्हणून पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात : पाया खोदताना वरची माती वेगळी साठवून काम संपल्यावर परत पसरावी, मोडलेली ताल, बांध व पाइपलाइन ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करावी, रस्त्याखाली पाणी जाण्यासाठी नळ्या टाकाव्यात, दबलेली जमीन खोल नांगरून द्यावी, केबल नांगराच्या फाळाला लागणार नाही इतकी, निदान तीन फूट खोल पुरावी, आणि उभ्या पिकाची भरपाई पंचनामा करून त्याच हंगामात द्यावी. दुरुस्तीसाठी पुढे यारी पुन्हा आणावी लागते. त्या वेळीही हीच भरपाई लागू राहील असे शब्द असावेत.

आपल्या राज्यात वाऱ्याचा खरा जोर नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या दिवसांत असतो. म्हणजे चक्की जोरात फिरण्याचा काळ आणि खरिपाचा काळ एकच होय. त्या काळात वाहनांची ये-जा केवळ आखलेल्या रस्त्यावरूनच व्हावी, ही अट विसरू नये. झाडे अथवा बांधकाम यांवर बंधन घातले जात असेल, तर किती अंतरात व किती उंचीपर्यंत हे आकड्यांत लिहावे. शेततळे, विहीर, गोठा व फळबाग यांना मुभा राखून ठेवावी.

घरे, रस्ते आणि तारा

केंद्र शासनाच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१६ साली पवनऊर्जा प्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरांच्या आत चक्की उभारू नये, असे त्यांत म्हटले आहे. सार्वजनिक रस्ते, इमारती इत्यादींपासून मनोऱ्याची उंची, पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचा निम्मा भाग व अधिक ५ मीटर इतके अंतर ठेवावयाचे असते. मनोरा १२० मीटर व व्यास १२० मीटर असेल, तर हे अंतर १८५ मीटर होते. वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्यांनी ही अंतरे स्वतः मोजून पाहावीत आणि करारातही घालावीत.

खाजगी कंपनीला केवळ स्वतःच्या इच्छेने कोणाची जमीन सक्तीने घेता येत नाही. ‘तुम्ही दिली नाही तर सरकार घेईल’ या बोलण्याला घाबरून सही करण्याचे कारण नाही. विजेच्या पारेषण वाहिन्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६४ अन्वये शासनाने अधिकार दिले असतील, तर १८८५ च्या तार अधिनियमातील तरतुदींप्रमाणे वाहिनी नेता येते. मात्र त्या तरतुदींनुसारही जमिनीची मालकी जात नाही. नुकसान कमीत कमी करण्याचे व पूर्ण भरपाई देण्याचे बंधन असते आणि भरपाई अपुरी वाटल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १४ जून २०२४ रोजी काढलेल्या सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालील जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या २०० टक्के व तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई सुचविली आहे. त्यापूर्वीच्या २०१५ च्या सूचनांत हीच प्रमाणे अनुक्रमे ८५ व जास्तीत जास्त १५ टक्के होती. परंतु या सूचना ६६ किलोव्होल्ट व त्यावरील पारेषण वाहिन्यांसाठी आहेत. एका चक्कीपासून उपकेंद्रापर्यंत जाणाऱ्या अंतर्गत तारा सामान्यतः ३३ किलोव्होल्टच्या असतात. त्यांचा मोबदला या सूचनांनी आपोआप ठरत नाही. तो करारानेच ठरवावा लागतो. म्हणून ‘तारांचे पैसे सरकारी दराने मिळतील’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

करार दुसऱ्याच्या हाती गेला तर

ज्या कंपनीशी करार झाला तीच शेवटपर्यंत राहील असे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे, करारात उलट अट नसेल तर भाडेकरूला आपला हक्क दुसऱ्यास देता येतो, गहाण ठेवता येतो अथवा पोटभाड्याने देता येतो. अशा हस्तांतरणाची सूचना शेतकऱ्याला लेखी मिळावी, नव्या कंपनीवर सर्व अटी बंधनकारक असाव्यात आणि थकबाकी चुकविल्यावाचून हस्तांतरण होऊ नये, असे कलम घालावे. तंटा झाल्यास लवादाची बैठक मुंबई अथवा अन्य दूरच्या शहरी ठेवलेली असते. ती आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी असावी असा आग्रह धरावा. नाहीतर प्रवासखर्चाच्या भीतीनेच हक्क सोडून द्यावा लागेल.

मुदत संपल्यावर

चक्कीचे आयुष्य साधारणपणे वीस ते पंचवीस वर्षांचे असते. त्यानंतर लोखंडी मनोरा मोडीत विकला जातो. जमिनीतील काँक्रीटचा पाया मात्र कोणाला नको असतो. भाडेकरूने आपण उभारलेल्या वस्तू काढून न्याव्यात व जमीन पूर्वस्थितीत परत करावी, असा कायद्याचा सामान्य नियम आहे. परंतु पाया किती खोलीपर्यंत काढावयाचा हे तो सांगत नाही. नांगरटीला व मुळांना अडथळा होणार नाही इतक्या खोलीपर्यंत पाया फोडून माती भरून द्यावी, रस्ता नको असल्यास उखडून द्यावा व हे काम ठरावीक महिन्यांत पुरे करावे, असे लिहिलेले असावे. कंपनी बुडाली वा निघून गेली तर काय, या प्रश्नाचे उत्तर बँक हमी हे होय. प्रकल्पाच्या मध्यावर, म्हणजे दहा-बारा वर्षांनी, अशी हमी ठेवण्याची अट घातल्यास तीवर कंपनीचाही फारसा आक्षेप नसावा.

ज्या गावांत जुन्या चक्क्या आहेत, तेथे हा प्रश्न आजच उभा आहे. जुनी लहान यंत्रे काढून त्यांच्या जागी मोठी यंत्रे बसविण्यासाठी केंद्र शासनाने २०२३ साली धोरण जाहीर केले. नव्या यंत्राला मोठा पाया, रुंद रस्ता व अधिक मोकळी जागा लागते आणि वीजही कितीतरी अधिक मिळते. जुन्या भाडेपट्ट्यात या गोष्टीची परवानगी आहे किंवा नाही, हे संबंधित शेतकऱ्यांनी आपला कागद काढून पाहावे. परवानगी नसेल तर नवा करार करण्याचा व नवे भाडे ठरविण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

नोंदणी आणि सात-बारा

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०७ व नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम १७ या बाबतीत स्पष्ट आहेत. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे सादर करावयाचा असतो. केवळ नोटरीपुढे केलेला शंभर अथवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावरील कागद पंचवीस वर्षांच्या व्यवहाराला पुरेसा नाही. मुद्रांकशुल्क मुदतीप्रमाणे वाढते. ते व नोंदणीचा खर्च कंपनीने करावा. दस्त मराठीत असावा किंवा त्याची मराठी प्रत जोडलेली असावी. तसेच दोन्हींत फरक निघाल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा, असे कलम असणे इष्ट.

नोंदणीनंतर तलाठी, म्हणजेच ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराची नोंद घेतात व हितसंबंधितांना नोटीस देतात. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. सात-बारावर भाडेपट्टा ‘इतर हक्क’ या रकान्यातच दिसला पाहिजे. मालकाच्या जागी कंपनीचे नाव चढले असल्यास दस्त विक्रीचा झाला आहे असे समजून ताबडतोब चौकशी करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

पवनचक्की गावात यावी की नाही, हे ठरविणे कार्यकर्त्याचे काम नव्हे. माळरानातून नियमित भाडे मिळणे हे कोरडवाहू शेतकऱ्याला मोठा आधार देणारे आहे. पाऊस नसलेल्या वर्षीही ते चुकत नाही. परंतु त्या भाड्याचा पाया कराराच्या कागदावर असतो. कार्यकर्त्यांनी गावात बैठक घेऊन हा विषय समजावून द्यावा, प्रत्येक खातेदाराचा सात-बारा व आठ-अ तपासून वर्ग २ व आदिवासी खाती वेगळी काढावीत, घरातील स्त्रियांना बैठकीस बोलवावे आणि मसुदा सहीपूर्वी निदान पंधरा दिवस शेतकऱ्याच्या हाती राहील असे पाहावे. वकिलाचा सल्ला परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना तेथे विनामूल्य साहाय्य मिळते.

सहीच्या दिवशी पुढील गोष्टी पडताळून घ्याव्यात : गट क्रमांक व क्षेत्र बरोबर आहे, नकाशा जोडलेला असून त्यावरही सह्या आहेत, कोठेही कोरी जागा सोडलेली नाही, भाडे, त्यातील वाढ व देण्याची तारीख आकड्यांत व अक्षरांत लिहिली आहे, मुदत व ती संपल्यावर करावयाची कामे नमूद आहेत, आणि नोंदणीकृत दस्ताची प्रत व सूची क्रमांक दोनचा उतारा शेतकऱ्याच्या हाती मिळणार आहे. ही प्रत सात-बाऱ्याबरोबर जपून ठेवावी व घरातील पुढच्या पिढीला ती कोठे आहे हे सांगून ठेवावे; कारण करारातील शेवटची कलमे अमलात आणून घेण्याची जबाबदारी बहुतांशी तिच्यावरच येणार आहे.